नव्या शाळेत तिला कोण ओळखणार?

"मॅडम, आमची शाळा दुसऱ्या शाळेत विलीन होतेय. मुलगी तिथे टिकेल ना?" वस्ती रोडावली, पट घसरला, की दोन शाळा एकत्र करायचं ठरतं आणि पालक हीच काळजी घेऊन माझ्याकडे, समुपदेशकाकडे येतात. नववीतल्या एका मुलीची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिच्या शाळेत सगळी मिळून ६१ मुलं. नवी शाळा बसने पाऊण तासावर, तिथे सहाशेच्या वर. आई सांगत होती, पोरगी नीट जेवत नाही, बोललं की अंगावर येते. बाबा एवढंच म्हणाले, "मीही हिच्या या जुन्या शाळेतच शिकलो."

पहिल्या भेटीत मी चुकले. प्रयोगशाळा असेल, प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक असतील, सगळं सांगून मोकळी झाले. ते खोटं नव्हतं. पट फार कमी झाला की एकाच शिक्षकावर गणित, विज्ञान आणि वर भूगोलही येऊन पडतो. पण ती नुसती मान हलवत होती. तिच्या हातात लाल दोरा बांधलेली एक किल्ली होती. तो दोरा ती बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

"कशाची गं किल्ली?"

"ग्रंथालयाच्या कपाटाची." मग बऱ्याच वेळाने, "तिथेही कपाट असेलच. पण किल्ली माझ्याकडे नसेल."

खरं बोलणं तिथून सुरू झालं. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात रॉजर बार्कर आणि पॉल गम्प या मानसशास्त्रज्ञांनी लहानमोठ्या हायस्कूलांचा अभ्यास केला होता. १९६४ साली तो प्रसिद्ध झाला. मोठ्या शाळेत उपक्रम अधिक, पण जबाबदारीची कामं लहान शाळेतल्या मुलांच्या वाट्याला जास्त येतात, असं त्यांना आढळलं. साहजिकच आहे. वर्गात आठच मुलं असली की नाटकाला बुजऱ्या मुलालाही उभं राहावंच लागतं. चाळिसांच्या वर्गात ते मागे बसून राहिलं तरी कुणाचं अडत नाही.

म्हणून मैत्रिणी मिळतील का, यापेक्षा तिच्यावाचून तिथे काय अडेल, हे मी आधी शोधते. जुन्या शाळेची पुस्तकं नव्या शाळेत जाणार होती. त्यांची यादी तिने करावी आणि तिथे ती लावावीतही तिनेच, असं आम्ही शाळा सुरू होण्याआधीच वर्गशिक्षकांशी बोलून ठरवलं. जुन्या शाळेतली निदान एक मैत्रीण त्याच तुकडीत असावी, हाही आग्रह धरला. आणि झोप! या वयात ८ ते १० तास झोप लागते. बससाठी तासभर आधी उठायचं तर रात्री तासभर आधी निजायलाच हवं. पहिल्या महिन्यातली निम्मी चिडचिड अपुऱ्या झोपेचीच असते, असं मला वर्षानुवर्षं दिसत आलंय.

तरी काहीतरी अडतच होतं. चौथ्या भेटीत ती पुटपुटली, "मला तिथे आवडलं तर बाबांना वाईट वाटेल."

बाबांना एकट्याला बोलावलं. जुन्या शाळेतल्या गुणवंतांच्या फलकावर त्यांचं नाव होतं. तो फलक कुठे जाणार, हे त्यांना कुणी सांगत नव्हतं. "शाळा गेली म्हणजे गाव गेलं," हे ते घरात रोज बोलत आणि ती रोज ऐकत होती. त्यांचं दुःख खरंच होतं, त्याला मी खोडून काढलं नाही. एवढंच म्हटलं, "दादा, ते तुमच्या जुन्या मित्रांपाशी बोला, माझ्यापाशी बोला. आणि तिला नवी शाळा आवडली तर चालेल, हे तुमच्या तोंडून तिला ऐकू दे." त्यांना दोन आठवडे लागले. शेवटी बसथांब्यावर दप्तर तिच्या हातात देताना बोलले.

दीड-दोन महिन्यांनंतरही मूल शाळेला जायला नकार देत असेल, जेवण-झोप विस्कटलेलीच असेल, तर वाट बघू नका, समुपदेशकाला भेटा. जगणंच नको असं काही बोललं, तर त्याच दिवशी.

गेल्या भेटीत ती सांगत होती, वर्गातल्या सहा जणींचीच नावं पाठ झालीत. मधल्या सुट्टीत अजून जुन्या मैत्रिणीजवळच बसते. पुस्तकं लावून व्हायची आहेत. तिसऱ्या फळीपर्यंत पोचलीय.