कातरवेळचं तरस

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले तरसाचे चाळीसच्या चाळीस फोटो पाहिले. ‘काका, सगळे हलले, लेन्स बदलावी लागेल का?’ असं विचारलंयस. अजिबात बदलू नकोस. चारशे मिलिमीटरची, एफ ५.६ पर्यंत उघडणारी लेन्स तरसासाठी पुरते. तुझा हिशेब चुकला तो वेळेचा, आणि थोडा त्या जनावराचा.

फोटोंवरच्या नोंदी बघ. पहिला ६:४१ चा, शेवटचा ६:५८ चा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, १६०० वरच ठेवलास आणि शटर किती वेळ उघडं राहायचं ते कॅमेऱ्यावर सोडलंस. पहिल्या फोटोत ते १/१२५ सेकंद होतं, शेवटच्यात १/४. आपल्याकडे सूर्य बुडाल्यावर बावीस-तेवीस मिनिटांत काळोख दाटतो आणि त्या वेळात दर तीन-चार मिनिटांनी उजेड निम्म्यावर येतो. डोळे सरावत जातात म्हणून आपल्याला ते जाणवत नाही. तुला वाटत होतं ‘अजून दिसतंय की’, आणि कॅमेरा एकेका फोटोला पाव सेकंद घेत होता.

म्हणून सूर्य टेकायच्या आतच आयएसओ ६४०० वर ने. फोटोत दाणे येतील, येऊ देत. दाणेदार फोटो चालतो, हललेल्या फोटोचं काही करता येत नाही. शटर स्वतःच्या हातात घे आणि १/६० च्या खाली जाऊ नकोस. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढ. उजेडाची मोजणी (एक्स्पोजर) एक घर उणे ठेव. कॅमेरा संध्याकाळसुद्धा दुपारसारखी उजळ करायला बघतो, आणि ते उजळ करणं शटरच्या वेळेतून वसूल करतो. तरस ज्या उजेडात बाहेर पडतं तो उजेड फोटोत दिसू दे. घरी संगणकावर बसूनही तो वाढवायच्या मागे लागू नकोस. या बेताने सूर्यास्तानंतर दहा-बारा मिनिटं तुझ्या हाताशी आहेत. तेवढी खूप झाली.

१/६० वर चारशेची लेन्स हातात स्थिर राहत नाही. जाड कापडाची पिशवी शिव, तिच्यात दोन किलो मूग भर, गाडीच्या काचेवर ठेव आणि लेन्स तिच्यात रुतव. इंजिन बंद हवं. नुसत्या इंजिनाच्या थरथरीनेही फोटो जातो.

आता तरस. ते चालत असताना बटण दाबूच नकोस. मान खाली घालून ते दुडक्या चालीने येतं, दहा-वीस पावलांवर थांबतं, हुंगतं, मग मान वर करून लांब टोकदार कान ताठ करतं. कधी पुढचा एक पाय तसाच उचललेला राहतो. तो क्षण एक-दोन सेकंदांचा असतो, आणि तेव्हा चार-पाच फोटो सलग घ्यायचे. फोकस डोळ्यावर धरायला गेलास तर लेन्स मागे-पुढे भटकत राहील, कारण करड्या केसांत तो काळा डोळा अशा उजेडात सापडत नाही. तरसाच्या गळ्यावर मोठा काळा डाग असतो. त्या डागाची आणि करड्या केसांची जिथे सीमा आहे तिथे मधला बिंदू ठेव, फोकस पटकन बसतो. फोकसला मदत करणारा कॅमेऱ्याचा तो लाल दिवा मात्र आधी बंद कर.

मागचे पाय आखूड असल्याने पाठ उतरती दिसते, म्हणून कितीतरी लोक त्याला लंगडं समजतात. तीच पाठ शेवटच्या पाच मिनिटांत तुझ्या कामी येईल. टेकाडाच्या धारेवर, मागे तांबूस आभाळ, आणि नुसती काळी आकृती. पट्टे दिसले नाहीत तरी तरस ओळखू येतं.

आता तुला न विचारलेलं एक सांगतो. मी तुझ्याएवढा असताना बारामतीकडच्या माळावर एका तरसामागे गाडी घातली होती. तोंडात हाड होतं, चाल सरळ होती, म्हणजे बिळाकडे निघालं होतं. उजेड गेला तसा मी हेडलाइट लावला. ते वळलं. मानेपासून शेपटीपर्यंतची आयाळ उभी राहिली आणि क्षणात अंग दुप्पट दिसायला लागलं. मला वाटलं अंगावर येतंय. खरं तर ते भ्यालं होतं. हाड तिथेच टाकून ते ओढ्यात उतरलं. आठ दिवसांनी गेलो तेव्हा बिळाच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं होतं, म्हणजे तिथे कुणाची ये-जा उरली नव्हती. आत पिल्लं होती का, हे मला कधीच कळलं नाही. हेडलाइटच्या उजेडात काढलेला तो फोटो मी कुणाला दाखवलेला नाही.

तेव्हापासून मी तरसाच्या मागे जात नाही. त्याच्या पायवाटेपासून लांब, वाऱ्याची दिशा बघून आधीच जाऊन बसतो. आलं तर आलं. बीळ ठाऊक असलं तरी तिकडे फिरकत नाही. फ्लॅश नाही, टॉर्च नाही. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या फेकतात त्या जागी ते हमखास येतं हे खरं, पण फोटोसाठी स्वतः मांस टाकून त्याला बोलावणारे मला सहन होत नाहीत. त्यांच्यात तू जाऊ नकोस. आणि फोटो टाकताना गावाचं नाव, नकाशावरची खूण काढून टाक. गेल्या वेळी तू ते विसरलास. मी फोन केला नसता तर दुसऱ्या दिवशी तिथे सहा गाड्या उभ्या असत्या. माळरान बघायचंच असेल त्यांना पुणे जिल्ह्यातल्या कडबनवाडी किंवा शिर्सुफळला पाठव. तिथे वन विभागाची सफारी आहे, वाटा ठरलेल्या आहेत.

शनिवारी साडेचारला माझ्याकडे ये. मुगाची पिशवी शिवून आण, मूग घरात आहेत. गडद रंगाचा शर्ट घाल आणि अत्तर लावू नकोस.

तुझा,
काका