रोज पुसूनही रात्री विंडस्क्रीन धूसर का दिसते?

दिवसा काच लख्ख दिसते, पण रात्री समोरून गाडी आली की पांढुरका उजेड काचभर पसरतो आणि पाणी मारून वायपर फिरवला तरी फरक पडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. वायपरने फरक पडत नाही, यातच निम्मं उत्तर आहे. तवंग बहुधा काचेच्या आतल्या बाजूला आहे. बाहेरून कितीही घासलंत तरी तो हलणार नाही.

आधी खात्री करून घ्या. अंधारात गाडी उभी करून मोबाइलचा टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून तिरपा धरा, आधी आतून, मग बाहेरून. नंतर स्वच्छ फडक्याला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून आतून पोस्टकार्डाएवढा तुकडा पुसा. तेवढाच चौकोन काळा, नितळ दिसला आणि बाजूची काच दुधी राहिली, तर दोष सापडला. आतून फरक दिसला नाही, तर तोच प्रयोग बाहेरून करा.

हा तवंग मुख्यतः गाडीच्याच प्लास्टिकमधून येतो. डॅशबोर्डचं प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेली रसायनं उन्हात तापली की वाफ होऊन निघतात आणि काचेवर येऊन बसतात. नव्या गाडीत हे जास्त होतं. त्यात श्वासातला ओलावा, सिगारेटचा धूर आणि ब्लोअरने उडवलेली धूळ मिसळते. डॅशबोर्ड चमकवायचं सिलिकॉनवालं पॉलिश वापरत असाल तर ते आधी बंद करा. तवंग वाढतोच, शिवाय चकचकीत डॅशबोर्डचं प्रतिबिंब काचेत पडून दिवसाही डोळ्यांना त्रास होतो. हा थर इतका पातळ असतो की सगळीकडून सारखा उजेड येत असताना तो लक्षातच येत नाही. रात्री मात्र हेडलाइटचा झोत त्यावर विखुरतो आणि पलीकडचा अंधारा रस्ता, त्यावर चालणारा माणूस, सगळं त्या पांढऱ्यात बुडून जातं. सूर्य क्षितिजाजवळ असताना समोरून ऊन आलं की हेच होतं.

रोज पुसूनही तो राहतो, कारण कोरड्या किंवा आधीच तेलकट झालेल्या फडक्याने तवंग निघत नाही, फक्त पसरतो. तो विरघळवावा लागतो आणि विरघळलेला असतानाच उचलावा लागतो. त्यासाठी ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर सारख्या प्रमाणात मिसळा. प्रत्येकी १०० मिली भरपूर होतं. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार सुकल्यावर पुन्हा डाग पडतात. फडकी मायक्रोफायबरची, पण आखूड लवेची घ्या. लांब लव असलेलं फडकं गाडीचा रंग पुसायला चांगलं, काचेवर ते तंतू सोडतं. किमान तीन फडकी हवीत. ती धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याचा मेणचट थर फडक्यावर राहतो आणि तिथून काचेवर येतो.

गाडी सावलीत आणि काच थंड असताना काम करा. तापलेल्या काचेवर द्रव पुसायच्या आत उडून जातो आणि रेघा तशाच राहतात. फवारा काचेवर न मारता फडक्यावर मारा. काचेवरून ओघळलेलं अल्कोहोल डॅशबोर्डचं प्लास्टिक निस्तेज करतं, आरशामागचा पावसाचा सेन्सर आणि कॅमेरा यांच्यातही द्रव शिरायला नको. कॅमेऱ्यासमोरची काच झाकणाच्या आत असेल तर ते झाकण स्वतः उघडू नका.

फडक्याची दोनदा घडी घातली की चार पदर होतात आणि उलगडून-पालटून आठ स्वच्छ बाजू मिळतात. पहिल्या ओल्या फडक्याने काचेचा अर्धा भाग पुसा, बाजू बदला, उरलेला अर्धा पुसा. दुसऱ्या ओल्या फडक्याने तेच पुन्हा. पहिल्या फेरीत तवंग सुटतो, दुसऱ्या फेरीत निघतो, आणि बहुतेक लोक पहिल्या फेरीवरच थांबतात. लगेच तिसऱ्या, कोरड्या फडक्याने पुसून घ्या. आतून हात वर-खाली चालवा, बाहेरून आडवा. नंतर रेघ दिसली तर तिच्या दिशेवरून ती कोणत्या बाजूची आहे ते कळतं. काच डॅशबोर्डला जिथे मिळते त्या अरुंद कोपऱ्यात तळहात शिरत नाही. तिथे फडकं बोटांवर पसरा आणि हात उलटा करून, म्हणजे हाताची पाठ डॅशबोर्डकडे ठेवून, सरकवा. शेजारच्या सीटवर बसून केलं तर स्टिअरिंग आड येत नाही.

बाजारातलं काच साफ करायचं तयार द्रव वापरायलाही हरकत नाही, फक्त त्यात अमोनिया नसावा. अमोनियाने उन्हासाठी काचांवर चिकटवलेली फिल्म खराब होते आणि बंद गाडीत त्याचा वास डोक्यात जातो. वर्तमानपत्राने काच चमकते हे खरं, पण शाई हाताला आणि आतल्या फिकट अस्तराला लागते. फडकं असताना तो खटाटोप कशाला?

एक अपवाद लक्षात ठेवा. आतला तवंग हाताला चिकट लागत असेल, गोडसर वास येत असेल, पुसल्यावर थोड्याच दिवसांत परत येत असेल आणि कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी घटत असेल, तर हा साफसफाईचा प्रश्न नाही. गाडीच्या हीटरची छोटी जाळी, म्हणजे हीटर कोअर, गळत असण्याची शक्यता आहे आणि ब्लोअरबरोबर कूलंटची वाफ काचेवर येते आहे. पुढच्या सीटसमोर पायाखालची सतरंजी ओली लागते का तेही बघा. अशा वेळी गॅरेज गाठा. कूलंट संपलं तर इंजिन तापून मोठं नुकसान होईल.

आता बाहेरची बाजू. इथे पहिला नियम एकच: कोरडी धूळ पुसायची नाही. धुळीत वाळूचे कण असतात, ते फडक्याखाली किंवा वायपरखाली घासले की काचेवर कमानीसारखे बारीक ओरखडे उठतात आणि ते पुन्हा निघत नाहीत. सकाळी धुळकट काचेवर पाणी न मारता वायपर फिरवणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहू द्या, मग गाडीच्या शाम्पूने धुवा. वॅक्स मिसळलेला शाम्पू काचेवर नको. रंगाला तो चमक देतो, काचेवर त्याचा थर बसून वायपर थडथडायला लागतो.

धुतल्यानंतर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून काचेवरून बोटं फिरवा. नुसत्या बोटांना गुळगुळीत वाटणारी काच पिशवीतून खरखरीत लागली, तर डिझेलचा धूर, डांबराचे कण, झाडाचा चीक असलं काहीतरी घट्ट बसलेलं आहे. त्यासाठी क्ले बार, म्हणजे असे कण उचलणारी मातीसारखी मऊ वडी, वापरा. काच शाम्पूच्या पाण्याने ओली ठेवून क्ले हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवा, खरखर थांबली की तो भाग झाला. क्ले जमिनीवर पडला तर टाकून द्या, त्यात अडकलेला एक खडा पुरे. नुसता चीक असेल तर अल्कोहोलने ओला केलेला कापूस मिनिटभर त्यावर ठेवा. वाळलेल्या किड्यांवर ओलं फडकं पाच-दहा मिनिटं पसरून ठेवलं की ते घासावे लागत नाहीत.

जड पाण्याचे पांढरे ठिपके शाम्पूने जात नाहीत, कारण ते क्षार आहेत. साधं पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारखं मिसळून फडक्याने लावा, दोन-तीन मिनिटं ओलं राहू द्या आणि सुकायच्या आत धुवून टाका. रंगावर सांडू देऊ नका. दोन-तीनदा करूनही ठिपके राहिले तर क्षारांनी काच कोरली आहे असं समजा. तिथे सिरियम ऑक्साइडचं (काच घासून गुळगुळीत करणाऱ्या भुकटीचं) पॉलिश लागतं, आणि मशीनने ते करायचं तर काच तापून तडकू शकते किंवा एकाच जागी जास्त घासली जाऊन तिथून रस्ता वाकडा दिसतो. ते काम जाणकाराकडे द्या.

काच स्वच्छ झाली तरी वायपर जुनाच असेल तर पहिल्याच पावसात सगळं वाया. वायपरच्या रबराची खालची कड चौकोनी कापलेली असते आणि तिचा धारदार कोपरा पाणी ओढतो. जाताना ती कड एका बाजूला झुकते, परतताना उलटून दुसऱ्या बाजूला झुकते. उन्हाने रबर कडक झालं की ती उलटत नाही, ढकलली जाते, आणि म्हणून ब्लेड एकाच दिशेने जाताना थडथडतं. नवं रबर घालूनही हेच होत असेल तर बहुधा वायपरचा दांडा, म्हणजे आर्म, पिळलेला आहे. ब्लेड मधोमध असताना काचेला काटकोनात उभं असायला हवं, ते गॅरेजमध्ये सरळ करून घ्या. बारीक एकेरी रेघ राहत असेल तर कडेला कचरा आहे किंवा तिथे रबराला चीर पडली आहे. एखादा पट्टाच कोरा सुटत असेल तर दाब कमी पडतोय. आणि वायपरच्या मागे क्षणभर दुधी पडदा उठून विरत असेल, तर दोष वायपरचा नाही, काचेवर तेलकट थर आहे.

दर पंधरा दिवसांनी ओल्या फडक्याने रबराची कड चिमटीत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसा. फडक्यावर काळं येईल, ते येणं कमी होईपर्यंत पुसा. रबर सहा महिने ते वर्षभरात बदला, गाडी उन्हात उभी राहत असेल तर लवकर. ब्लेड काढताना काचेवर जाड टॉवेलची घडी ठेवा. ब्लेड नसलेला आर्म स्प्रिंगच्या जोराने सुटून काचेवर आपटला तर दहा मिनिटांच्या कामात विंडस्क्रीन जाते. दोन्ही बाजूंची लांबी बऱ्याच गाड्यांत वेगवेगळी असते, जुनी ब्लेड मोजूनच नवी आणा.

वॉशरच्या टाकीत भांड्यांचा साबण घालू नका. त्याचा फेस होतो, सुकल्यावर थर उरतो आणि नोझल चोंदतं. नुसतं पाणीही बरं नाही, त्याने तेलकटपणा निघत नाही आणि टाकीत शेवाळ-जंतू वाढतात. तयार वॉशर द्रव बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड पाण्यात मिसळा. दोन वेगळ्या प्रकारची द्रवं एकत्र केली तर कधीकधी गाळ धरतो, म्हणून आधीचं संपवा. कूलंट या टाकीत कधीही नाही. नोझलची धार वाकडी असेल तर बारीक टाचणीने भोक साफ करून हळूच वळवा, धार वायपरच्या पट्ट्याच्या वरच्या भागात पडली पाहिजे. टाकी रिकामी असताना बटण दाबून धरू नका, पंप जळतो. बर्फ पडतो अशा थंडीत न गोठणारं द्रव भरा आणि गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतू नका, काच तडकते.

काचेवर धुकं धरतं ते वेगळं प्रकरण आहे, आणि तेही दोन तऱ्हेचं. आतून धरलं तर एसी चालू करा, तापमान वाढवा, हवा काचेकडे वळवा आणि आतलीच हवा फिरवायचं बटण बंद करून बाहेरची हवा घ्या. एसी हवेतला ओलावा काढतो, गरम हवा काच कोरडी करते, म्हणून दोन्ही एकदम लागतात. हाताने पुसू नका, हाताचं तेल लागून पुढच्या वेळी तिथेच आधी धरतं. ओल्या चटया आणि चोंदलेला केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा) हीही नेहमीची कारणं आहेत. बाहेर उबदार दमट हवा असताना एसी काच गार करतो तेव्हा मात्र धुकं बाहेरून बसतं. तिथे उलटं करायचं: हवा काचेवरून पायाकडे वळवा, तापमान थोडं वाढवा, वायपर एकदा फिरवा. कोणत्या बाजूला आहे ते एका बोटाने कळतं, चुकीचा उपाय केला तर वाढत जातं.

पाणी टिकू न देणारं कोटिंग करावं का, हा प्रश्न यामागोमाग येतोच. मोठ्या रस्त्यावर वेगात जात असाल तर त्याचा उपयोग होतो, कारण थेंब वाऱ्याने पळतात. शहरातल्या संथ वाहतुकीत थेंब जागच्या जागी राहतात आणि अर्धवट झिजलेल्या कोटिंगवर वायपर थडथडतो, म्हणून तिथे मी तरी सुचवणार नाही. करायचंच तर वर सांगितलेली सगळी सफाई आधी करा, नाहीतर कोटिंग काचेऐवजी तवंगावर बसेल.

हे सगळं करूनही समोरच्या उन्हात काचेवर असंख्य चमकते ठिपके दिसत असतील, तर ती घाण नाही. वर्षानुवर्षं वाळू-खडीचे कण आदळून पडलेले ते सूक्ष्म खड्डे आहेत आणि त्यावर काच बदलणं हाच इलाज. खडा लागून ताजा टवका उडाला असेल तर साफसफाईच्या आधी त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, आत पाणी-साबण गेला तर टवका भरायचं रेझिन नीट धरत नाही. ड्रायव्हरच्या थेट नजरेसमोरचा टवका भरून घेतला तरी खूण राहते, तिथे काच बदललेलीच बरी. आणि काचेमागे कॅमेरा असलेल्या गाडीत नवी काच बसवल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (त्याचा नेम पुन्हा जुळवणं) झालं का ते विचारल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.