आई गोरी अमेरिकन आणि वडील मराठी असतील, तर अमेरिकेतील कॉलेजच्या अर्जात मुलीने कोणता वंश लिहावा?

तिने ‘एशियन’ आणि ‘व्हाइट’ या दोन्ही चौकटींत खूण करावी; ‘कॉमन ॲप’वर (अनेक अमेरिकन कॉलेजांसाठी एकच अर्ज भरण्याच्या ऑनलाइन व्यवस्थेत) एकाहून अधिक पर्याय निवडता येतात, आणि हा प्रश्न ऐच्छिक असल्यामुळे तो कोरा सोडला तरी अर्ज अपुरा ठरत नाही. सरकारी आकडेवारीत अशी विद्यार्थिनी ‘दोन किंवा अधिक वंश’ या गटात मोजली जाते. मात्र २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानंतर केवळ ही खूण पाहून प्रवेशात झुकते माप देता येत नाही. तेव्हा कोणती चौकट फायद्याची, हा हिशेब सोडूनच द्यावा. दोन भाषांच्या घरात वाढल्याने ती खरोखर घडली असेल, तर ते निबंधात लिहिण्याची मुभा त्याच निकालाने कायम ठेवली आहे.