साडेतीन वर्षांची मुलगी मोबाइल लावल्याशिवाय जेवत नाही. तिला भाज्या खाण्याची सवय कशी लावावी?

आपण लिहिले आहे की मुलगी दिवसभर आजीपाशी असते, मोबाइलवर गाणी लावली तरच घास घेते, वरणभात आणि बिस्किटांपलीकडे काही खात नाही आणि दिवसातून चार वेळा बाटलीने दूध पिते. मी ठाण्याला नौपाड्यात सोळा वर्षे पाळणाघर चालवते आहे. दीड ते सहा वर्षांची मुले दुपारचे जेवण माझ्याकडेच जेवतात, त्यामुळे रोज जे पाहते त्यावरूनच लिहिते.

आधी भुकेविषयी. पहिल्या वर्षाअखेर बाळाचे वजन जन्माच्या वेळच्या सुमारे तिप्पट होते. दोन वर्षांनंतर मात्र ते वर्षाला साधारण दोन किलोनेच वाढते. वाढ मंदावली की भूकही कमी होते आणि नेमक्या याच वयात मुले अनोळखी पदार्थ नाकारू लागतात. आपल्याला वाटते पोर उपाशी राहते आहे, म्हणून आपण वाटी घेऊन मागे धावतो. अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी सांगितलेली विभागणी मला इथे फार उपयोगी पडली: काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, त्यातले खायचे की नाही आणि किती, हे मुलाने ठरवावे. सुरुवातीला मी याच्या अगदी उलट वागत असे, ताट स्वच्छ झाल्याशिवाय कोणाला उठू देत नसे. एका मुलीने भेंडीचा शेवटचा घास गालात धरून जवळजवळ अर्धा तास डोळ्यांत पाणी आणून काढला आणि त्यानंतर कित्येक महिने तिने भेंडीला हात लावला नाही. तो घास मी भरवायला नको होता.

आपल्या मुलीच्या बाबतीत सर्वांत आधी दूध कमी करावे, असे मला वाटते. दुधात लोह अगदी थोडे असते आणि पोट मात्र भरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला, तेव्हा ही बाब किरकोळ समजू नये. या वयाला दिवसभरात सुमारे अर्धा लिटर दूध पुरे होते. ते पेल्याने द्यावे आणि जेवणाआधी दीड-दोन तास दूध किंवा बिस्किटे यांपैकी काहीही देऊ नये. मोड आलेल्या मटकीवर किंवा पालेभाजीवर लिंबू पिळले तर त्यातले लोह अंगी चांगले लागते.

नवी भाजी मुलाच्या ओळखीची व्हायला दहा-पंधरा वेळा ताटात यावी लागते, आणि आपण दोन-तीनदा नकार मिळाला की ती वाढणेच सोडून देतो. थंडीत मी जांभळी नाक्यावरून मटार आणते आणि मुलांना वर्तमानपत्रावर गोल बसवून सोलायला देते. गेल्या हिवाळ्यात तीन वर्षांचा एक मुलगा, जो हिरवे काही दिसले की ताट दूर सारायचा, तो कितीतरी दिवस नुसतेच दाणे मोजून वाटीत टाकत होता; मग एकदा त्याने एक दाणा दाताखाली धरला, थुंकला, पुन्हा उचलला आणि खाल्ला. मी पाहिले नाही असे दाखवले, कारण टाळ्या वाजवल्या की खाणे हा मुलाच्या दृष्टीने आपल्यावर केलेला उपकार होतो. भाजी संपवली तर चॉकलेट, हे आमिषही याच कारणासाठी नको: त्यातून मूल एवढेच शिकते की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस.

मोबाइलविषयी माझे मत ठाम आहे. पडद्याकडे पाहत जेवणाऱ्या मुलाला चव कळत नाही आणि पोट भरल्याचेही कळत नाही. पण तो काढून घेतला की त्या जागी माणूस असायला हवा. बहुतेक घरांत आजी आधी नातीला भरवते आणि सगळे आवरल्यावर एकटी जेवते, म्हणजे आजीला भाजी खाताना नातीने कधी पाहिलेलेच नसते. सासूबाईंना चुकीचे ठरवू नका; दिवसभर लेकरू सांभाळणे सोपे नाही. त्यांना एवढीच विनंती करा की दुपारी दोघींची ताटे शेजारी मांडावीत, दोन्हींत तीच भाजी असावी, नातीच्या ताटात ती चमचाभरच वाढावी आणि तिने आपल्या हाताने जेवावे. सांडेल, भात केसांना लागेल. वीस-पंचवीस मिनिटांनी जे उरेल ते न बोलता उचलावे. मग थेट चारच्या खाण्यापर्यंत पाण्याशिवाय काही देऊ नये. माझ्याकडे नव्याने येणारी मुले पहिले चार-पाच दिवस रडतात, साधारण दुसऱ्या आठवड्यात शेजारच्याच्या ताटात डोकावू लागतात. दरम्यान वजन घटत असेल, घास गिळताना वारंवार ठसका लागत असेल किंवा मुलगी फिकट आणि मलूल दिसत असेल, तर मात्र वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.