बाटल्या उकिरड्यावर, पोरगी क्लासला

प्रश्न : आम्ही धारणी तालुक्यातले, सहा एकर कोरडवाहू. मुलीने नीट दोनदा दिली, मार्क कमीच. अमरावतीला क्लास लावून पुन्हा बसवतो, एक एकर काढायची तयारी आहे. साडूचा मुलगा एमबीबीएसला लागला, लोक विचारतात. पण हिचं ध्यान कोळ्यांत! बाटल्यांत कोळी पाळले होते, रागाने उकिरड्यावर फेकले. फोटो काढ म्हटलं, बाटल्या कशाला? तिच्या वहीचं पान पाठवतो, वेड बघा.

उत्तर : भाऊ, मार्कांचं मागाहून बोलू. एकर विकायचं तुम्ही एका ओळीत उरकलंत. साडूचा मुलगा पत्रात आहे, लोक आहेत, पण पोरीला काय पाहिजे ते कुठंच नाही. बापाने वावर विकलंय हे डोक्यात घेऊन पेपरला बसणं काय असतं, याचा जरा विचार करा. दोनदा झालं, तिसऱ्यांदा नको. आणि बाटल्या फेकल्यात ते मला अजिबात आवडलं नाही.

ते पान मी दोनदा वाचलं. बांधावरची वुल्फ स्पायडर मादी, मागे चिकटलेली अंड्यांची थैली. आईने थैलीची कड कधी फाडली, पिल्लं पाठीवर कधी चढली, कधी उतरली, मग एकेकाने कात कधी टाकली, सगळं तारखेनिशी. एके ठिकाणी लिहिलंय, ‘६ नंबर मेला, कात अर्धीच निघाली.’ मेलेल्याचीही नोंद ठेवणारी मुलं एमएस्सीलासुद्धा मला क्वचित भेटतात.

फोटोने भागतं हा तुमचा गैरसमज आहे, आणि तो शिकलेल्यांचाही असतो. कोळ्याची नेमकी जात फोटोवरून बहुधा ठरत नाही. नराच्या तोंडाजवळच्या आखूड स्पर्शपादांची टोकं आणि मादीच्या पोटाखालचा जननेंद्रियाचा भाग सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. हे अवयव शेवटची कात टाकल्यावरच पूर्ण होतात. म्हणजे पिल्लू हाती लागलं तर ते मोठं होईस्तोवर सांभाळायचं. जगात ५० हजारांहून जास्त जातींना नावं मिळालीत, पण त्यातल्या बहुतेकींचं जगणं कसं चालतं, किती काती, अंडी केव्हा, हे नीट कुणी लिहिलेलं नाही. मेळघाटचंच घ्या. खाली सिपना नदीचा काठ, वर सुमारे १,१०० मीटरवर चिखलदरा. एकच कोळी दोन्हीकडे असेल, तर त्याची पिल्लं एकाच वेळी निघतात का? हे कळायला कुणीतरी बाटल्या घेऊन बसावं लागतं. तुमच्या घरी ती बसली होती.

तिलाही एक सांगा. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून कोळीसुद्धा उचलायचा नाही, वनविभागाची लेखी परवानगी लागते. बांधावर आणि गोठ्यात तिला पुरून उरतील एवढे आहेत.

रस्ते असे : आयसर आणि नायसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्था, आयसरची प्रवेश परीक्षा आयएटी, नायसरची नेस्ट, नाहीतर अमरावतीत साधं बीएस्सी प्राणिशास्त्र. आयएटीला बारावी कोणत्या वर्षीची चालते ते आधी बघा, ड्रॉपच्या नादात ते दार बंद होतं. पुढे डेहराडूनची वन्यजीव संस्था, बंगळुरूचं एनसीबीएस हे जीवशास्त्राचं संशोधन केंद्र. वनसेवेच्या परीक्षेलाही ही पदवी चालते.

खोटं सांगत नाही, कोळ्यांवर नोकऱ्या थोड्या आहेत. पीएचडी होईस्तोवर फेलोशिपवर काढावं लागेल, तिशीपर्यंत पगाराचा भरवसा नाही. ते झेपणार नसेल तर मधला मार्ग आहे : बीएस्सी अ‍ॅग्री करून अकोल्याच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र. तुमच्या पऱ्हाटीवरचे तुडतुडे कोळी फुकटात खातात, आणि आपण फवारणीत आधी त्यांनाच मारतो. त्या विषयात तुमची पोरगी पहिल्या दिवसापासून इतरांच्या पुढे असेल. कोणता रस्ता घ्यायचा ते मात्र तिला विचारा, मला नको.

एकराचा इसार घेतला नसेल तर थांबवा. क्लासच्या फीमधल्या थोड्याच पैशांत बरा स्टीरिओ मायक्रोस्कोप येतो. बाटल्या मात्र तुम्हीच आणून द्या, रुंद तोंडाच्या, आणि झाकणाला भोकं बारीक पाडा, पिल्लं मोहरीएवढीही नसतात.