डेट्रॉइटचा इतिहास १९६७ पासून वाचू नकोस

चि. मित्रा,
अनेक आशीर्वाद.

पुण्याहून गाड्यांच्या कंपन्यांत नोकरीसाठी येणारी आपली बरीच मुलं अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या ट्रॉय, नोव्हाय नाहीतर कँटन या उपनगरांत राहतात. तूही तिकडेच राहशील. कुणीतरी लगेच सांगेल, 'डेट्रॉइट शहरात फिरकू नकोस, १९६७ च्या वांशिक दंगलीने त्याची वाट लागली.' ऐकून घे, पण त्यावर विसंबू नकोस. शहराचं गणित त्याआधीच बिघडलं होतं. ते कसं बिघडलं हे समजलं नाही, तर तू राहशील ते उपनगरही तुला समजणार नाही.

सुरुवात डेट्रॉइटला लागूनच असलेल्या हायलंड पार्कपासून कर. १९१३ मध्ये फोर्डने तिथे सरकती असेंब्ली लाइन सुरू केली आणि मॉडेल टी गाडीची चासी (खालचा सांगाडा) जोडायचा वेळ साडेबारा तासांवरून ९३ मिनिटांवर आला. पण दिवसभर तेच तेच काम करून माणसं वैतागत आणि सोडून जात. म्हणून जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला ५ डॉलर जाहीर झाले. याला मालकाचं औदार्य समजू नकोस. त्यातली निम्म्याच्या आसपास रक्कम नफ्याचा हिस्सा म्हणून मिळे, आणि त्यासाठी कंपनीचे तपासनीस कामगाराच्या घरी जाऊन तो दारू पितो का, घर नीटनेटकं आहे का, हे बघून येत. तरीही गाड्यांच्या कारखान्यांतल्या अशा मजुरीच्या ओढीने लोक लांबून आले. अमेरिकेच्या दक्षिणेतली हजारो कृष्णवर्णीय कुटुंबंही आली.

त्यांना काम मिळालं, पण घर मिळेना. हे समजून घ्यायला एट माइल रोडजवळची बर्वुडची भिंत बघ. सहा फूट उंच, सुमारे अर्धा मैल लांब, काँक्रीटची. १९४१ मध्ये एका बिल्डरला गोऱ्यांसाठी वसाहत बांधायची होती. शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती होती, म्हणून सरकारी गृहकर्ज-हमी मिळेना. त्याने मध्ये भिंत घातली आणि हमी मिळाली! भिंत आजही परसांच्या मागून जाते. एका मैदानाशेजारी तिच्यावर रंगीत चित्रं काढली आहेत. तिथे थोडा वेळ थांब. घर हीच जिथे साध्या माणसाची पुंजी असते, तिथे असा भेद नातवंडांपर्यंत पोचतो. वंशभेद म्हणजे लोकांच्या मनातला राग, एवढंच समजणाऱ्याने ही भिंत जरूर बघावी. वंशभेद कर्जाच्या नियमांत लिहिलेला होता.

मग कारखाने हलू लागले. नवे कारखाने एकमजली, पसरट. तेवढी मोकळी जमीन शहराबाहेरच होती. १९४७ ते १९६३ या काळात डेट्रॉइटमधल्या कारखान्यांतल्या सुमारे १ लाख ३४ हजार नोकऱ्या गेल्या. गोऱ्या कुटुंबांना कामामागे उपनगरात जाता आलं, कृष्णवर्णीयांना तिथे बहुतेक दारं बंद होती. त्याच सुमारास हेस्टिंग्ज स्ट्रीटवरची त्यांची दुकानं, क्लब पाडून तिथून महामार्ग नेला. १९६७ च्या दंगलीत ४३ माणसं मेली. ते दुःख लहान नाही, पण त्या वर्षाला सगळ्याचं मूळ ठरवू नकोस.

लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, २०२० मध्ये ६ लाख ३९ हजार. कर भरणारे गेले. रस्ते, पाण्याच्या वाहिन्या, निवृत्तांची पेन्शन शहराकडेच राहिली. २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा कर्ज आणि देणी मिळून सुमारे १८ अब्ज डॉलर होती. कुणी एका महापौराच्या माथी हे सगळं मारू लागला, तर त्याला नोकऱ्या गेल्याची वर्षं विचार.

तिकडे पोचलास की एक शनिवार राखून ठेव. वुडवर्ड अॅव्हेन्यूवरच्या कलासंग्रहालयात दिएगो रिव्हेराने १९३२-३३ मध्ये रंगवलेली कारखान्याची भित्तिचित्रं आहेत. तू यंत्रांतला माणूस, तुला ती माझ्यापेक्षा जास्त उमगतील. समोरच सार्वजनिक ग्रंथालय आहे. तिथल्या बर्टन या इतिहास-संग्रहात शहराचे जुने नकाशे मागून घे, आणि हेस्टिंग्ज स्ट्रीट कुठून कुठे जायचा ते शोधून मला कळव.

तुझा,
काका