"मॅडम, हे शाळेत सगळ्यांना कळेल का?"

मुलाच्या अध्ययन अक्षमतेचं (म्हणजे वाचणं, लिहिणं किंवा गणित शिकण्यातल्या अडचणीचं) प्रमाणपत्र हातात आलं की पालक माझ्यासारख्या समुपदेशकाला अभ्यासाचं नंतर विचारतात. आधी विचारतात, "शाळेत दिलं तर सगळ्यांना कळेल का? दाखल्यावर येईल का?" दहावीला जादा वेळ किंवा लेखनिक अशी सवलत हवी असेल, तर कागद शाळेला द्यावाच लागतो. तरी भीतीपोटी कित्येक घरांत तो कपाटातच राहतो.

नववीतला एक मुलगा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) शाळेत जायलाच तयार नव्हता. कोणाचे कागद राहू नयेत म्हणून वर्गशिक्षिकांनी सवलतीच्या मुलांची यादी, कारणांसकट, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली होती. वर्गात त्याचं नाव 'सवलत' पडलं.

सुरुवातीला तो बोललाच नाही. मीही घाई केली नाही. समोरच्या माणसाला केंद्रस्थानी ठेवणारं समुपदेशन मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सना मानणारी मी. मूल आपल्या वेळेला बोलतं, यावर माझा पक्का विश्वास आहे. एकदा सहज विचारलं, "कोणाला सांगायचं ते तू ठरवणार असतास, तर?"

बऱ्याच वेळाने म्हणाला, "गणिताच्या सरांना. ते फळा लवकर पुसतात."

"आणखी?"

"इंग्रजीच्या मॅडमना. बाकावरच्या मित्राला मीच सांगेन. बस."

अक्षमता त्याने केव्हाच स्वीकारली होती! राग होता तो त्याला न विचारता सांगितल्याचा. घरचे मात्र तीच लपवायला धडपडत होते. त्या दिवसापासून पालकांशी मी 'कळेल का' यावर बोलत नाही. 'कोणाला कळावं' यावर बोलते आणि भीती निम्म्याने उतरते.

त्याच्या परवानगीने वर्गशिक्षिकांना भेटले. विचारलं, "तुमच्या वैद्यकीय रजेचं कारण कोणी स्टाफच्या ग्रुपवर टाकलं तर?" त्या थांबल्या. "माझ्या ऑपरेशनच्या वेळी तसंच झालं होतं," म्हणाल्या. पुढे मुख्याध्यापकांशी त्याच बोलल्या. आता विद्यार्थ्यांची प्रमाणपत्रं आणि शिक्षकांचे वैद्यकीय कागद कुलपात असतात. मुलगा शाळेत परतला. गणिताच्या सरांशी स्वतः बोलला. याचं मला फार समाधान आहे.

पालकांनो, कागद अडवून ठेवू नका. शाळा सोडल्याच्या दाखल्यात जन्मतारीख, प्रगती, वर्तणूक असे रकाने असतात, अक्षमतेचा नसतो. प्रमाणपत्र मुख्याध्यापकांकडे द्या, ग्रुपवर किंवा कोणाच्या फोनवर फोटो पाठवू नका. सोबत पत्र जोडा: ही माहिती अमुक शिक्षकांनाच द्यावी. पोच घ्या. शाळेने कुरकुर केली तर शांतपणे सांगा, की २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क मानला, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हेच मूळ तत्त्व आहे. पत्र लिहिताना मुलाला शेजारी बसवा. कोणाची नावं घालायची ते त्यालाच विचारा.